एका सेशनला एकच काडी

चि. पुतणीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या नियमांची चौदा पाने पोहोचली. दोनदा नुसती वाचली आणि तिसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन वाचली. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक हेर होऊन खेळायचा सह्याद्रीतला खेळ, सहा बाजूंचे दोन साधे फासे, बेरीज ८ किंवा अधिक आली की काम फत्ते, ही मांडणी नेटकी आहे, म्हणून तिच्याबद्दल काही लिहीत नाही. मोडी वाचणे हे स्वतंत्र कौशल्य ठेवलेस याचे मात्र हसू आले. शत्रूची थैली हाती लागली आणि वाचणारा कोणीच नाही, असा प्रसंग टेबलावर बहारीचा होईल. गाडी अडते ती नवव्या पानावर. तिथे ३८ कौशल्ये आहेत आणि ती वाढवण्याच्या तीन वाटा: कौशल्य यशस्वी वापरले की खूण, मोहीम पार पडली की गुण, उस्तादाकडे महिनाभर राहिले की थेट एक पायरी. समासात तू लिहिले आहेस, ‘काका, या तिघांत तोल कसा साधू? तीन आठवडे झाले, डोके चालत नाही.’

तोल साधू नकोस. तिन्ही वाटा बुजव आणि एकच नवी काढ: सेशन संपले की प्रत्येकाने आपल्या हेराच्या कौशल्य-पत्रकावर एकच काडी ओढायची, आणि एका कौशल्यापुढे तीन काड्या झाल्या की ते एकाने वाढवायचे.

हे तुला भिकार वाटेल. म्हणून थोडे मागचे सांगतो. १९७४ सालच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या अशाच पात्र होऊन खेळायच्या खेळात बाहेर काढून आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे एक अनुभव-गुण मिळे, त्यामुळे जाणते खेळाडू राक्षसाशी लढण्यापेक्षा त्याची तिजोरी कशी गाठावी याचाच विचार करीत. १९७८ च्या रूनक्वेस्ट या खेळाने गुणांनी चढायच्या पातळ्याच काढून टाकल्या. जे वापरले तेच वाढेल, असा त्याचा बाणा होता. त्याच घराण्यातल्या कॉल ऑफ कथुलूमध्ये ही युक्ती आजही चालते: यशस्वी वापराला खूण, आणि नंतर शंभराचे फासे (दहा बाजूंचे दोन) टाकायचे, आकडा आपल्या कौशल्याच्या वर पडला तरच वाढ. म्हणजे ३० टक्के येणाऱ्याला वाढीची संधी ७० टक्के, ८० टक्के येणाऱ्याला २०. नवशिका भरभर शिकतो, मुरलेला रखडतो, आणि त्यासाठी एकही तक्ता लागत नाही. पहिल्यांदा हे कळले तेव्हा मी हरखून गेलो होतो. तुझी पहिली वाट याच घराण्यातली आहे. मीही तिथेच फसलो.

नव्वदच्या दशकात डोंबिवलीत, पिठाच्या गिरणीवरच्या एका खोलीत, आम्ही सहा जण दर रविवारी खेळत असू. दहा बाजूंचे फासे आम्हाला कुठे मिळत नव्हते, म्हणून शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात हलवून काढायच्या. नियम माझे होते: ६१ कौशल्ये, यशाला एक खूण, अपयशाला अर्धी, उस्तादाची शिकवणी वेगळी. दोन महिन्यांत मोहिमेची सर्कस झाली. दार उघडे असले तर एक जण ते आधी लावून घेई आणि मग कुलूप फोडी. वाटेत झाड दिसले की सगळे चढत. लढाईत दर घावाला शस्त्र बदलले जाई, कारण तलवारीची खूण झाली तरी भाल्याची बाकी असे. एकाच्या पत्रकावर ‘तलवार’ या शब्दापुढे खोडून खोडून कागदाला आरपार भोक पडले होते आणि तो ते उजेडाकडे धरून कौतुकाने दाखवीत असे. सेशन संपल्यावर हिशेबाला पाऊण तास जाई, आणि तो पाऊण तास म्हणजेच माझ्या खेळाची श्रीमंती, असे मला वाटे.

त्या टेबलावर एक मित्र होता, जो चिठ्ठ्या क्वचितच काढी. तो बोले. पहारेकऱ्याला त्याच्या गावची पिके विचारीत, म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी करीत तो आम्हाला वेशीच्या आत घेऊन जाई, आणि त्याचे बोलणे इतके पटण्यासारखे असे की मी त्याला चिठ्ठी काढायला सांगतच नसे. चिठ्ठी नाही म्हणून खूण नाही. आठ महिन्यांनी बाकीच्यांची पत्रके पेन्सिलीने काळी झाली होती आणि त्याच्या पत्रकावर ‘संभाषण: २५’ पहिल्या दिवशी लिहिले तसेच होते. एकदा मी उगाच नियमावर बोट ठेवून त्याला चिठ्ठी काढायला लावली. २५ च्या आत हवे होते, ८१ आले. आमच्यातला सगळ्यांत गोड बोलणारा माणूस माझ्या नियमाने तोतरा ठरला. सगळे हसले, मीही हसलो. पुढचे दोन रविवार त्याने कारखान्यातल्या पाळीचे कारण सांगितले, नंतर कारण सांगणेही थांबवले. त्याचे घर गिरणीपासून दहा मिनिटांवर होते. मी गेलो नाही. नियम सर्वांना सारखाच आहे, असे स्वतःला बजावत राहिलो.

म्हणून एका सेशनला एकच काडी. आज ज्या कौशल्याने काही घडले त्यापुढे ती ओढायची, मग फासे पडलेले असोत वा नसोत, यश आलेले असो वा नसो. कुठे ओढायची ते ज्याचे त्याने ठरवावे आणि का ते एका वाक्यात सांगावे. गैरहजर राहिलेल्यालाही काडी मिळालीच पाहिजे. यावर माझ्याशी आजवर बरेच जण भांडले, ही खैरात आहे म्हणाले. त्यांना मी एवढेच विचारतो की ज्याला रविवारी रात्रपाळी आहे त्याच्या हेराला घोडा कमी का यावा?

आता तुझ्या दरांकडे वळू. मोहिमेच्या गुणांतून पहिली पायरी ५ ला, दुसरी १० ला, तिसरी १५ ला, असा चढता भाव तू लावला आहेस. वीस बाजूंच्या फाशाला तो शोभतो, कारण तिथे पायरीमागे फाशाच्या आकड्यात मिळणारा प्रत्येक +१ म्हणजे एरवी सरळ पाच टक्के असतात. दोन फाशांचे तसे नाही. ३६ शक्यतांपैकी ८ किंवा अधिक देणाऱ्या १५ आहेत. +१ ला त्या २१ होतात, +२ ला २६, +३ ला ३०, +४ ला ३३. पहिली पायरी सहा शक्यता देते आणि चौथी तीनच. फाशांनी आधीच कर कापून घेतला आहे आणि तू त्यावर पुन्हा जकात बसवतेस. मग शहाणा खेळाडू वर चढेल कशाला? उलट कठीण कामाला १२ लागतील असे धर. तिथे +४ पर्यंतची चढण १, ३, ६, १०, १५ अशी आहे, म्हणजे पायरीगणिक लाभ वाढत जातो. उस्तादाची गरज कठीण कामालाच असते, आणि ही गोष्ट फाशांनी तुला फुकट दिली आहे. भाव सरसकट ठेव: प्रत्येक पायरीला तीन काड्या. +५ मात्र काढून टाक. +४ ला साध्या कामात एक-एक, एक-दोन आणि दोन-एक एवढ्या तीनच फेकी घात करतात. तेवढी धाकधूक राहू दे.

वेगाचा हिशेब तू कुठेच केलेला नाहीस, याचा मला खरा राग आला. तुमचे टेबल पंधरा दिवसांनी भरते, म्हणजे वर्षाला फार तर २६ सेशन. २६ काड्यांच्या आठ पायऱ्या होतात. एखाद्याने हट्टाने एकच कौशल्य धरले तर १२ सेशनांत, सहा महिन्यांच्या आसपास, तो +४ ला पोहोचेल. ३८ कौशल्यांत त्या आठ पायऱ्या कुठे विरून जातील ते सापडायचेही नाही. बारा ठेव. कडा चढणे, दोरावर चढणे आणि झाडावर चढणे यांची मिळून चढाई होते. मोडी राहू दे.

एवढ्याने खेळाडू कंटाळतील, हा तुझा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण माझ्या टेबलाबद्दलही तेच बोलले जाते. २०१४ च्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये वीस पातळ्यांच्या प्रवासात प्रावीण्याचा आकडा +२ वरून +६ वर जातो, म्हणजे चारच वेळा वाढतो, आणि तो खेळ जगभर खेळला जातो. नव्या करामती पातळीगणिक मिळतात म्हणून तो रंगतो, असे तू म्हणशील, आणि ते खरे आहे. पण करामती तुझ्या कथेतून येऊ देत: उस्ताद, ओळखी, चोरवाटा, खुणेची अंगठी. यांतले काही खोडावे लागत नाही आणि कशाचीच बेरीज करावी लागत नाही. माझ्या टेबलावर हिशेबाला दोन मिनिटे लागतात. मी हे आळसाने केले असे म्हणणारे आहेत. त्यांनी ते भोक पाहिलेले नाही.

त्या मित्राचे पत्रक माझ्याकडे अजून आहे. मागच्या वर्षी त्याच्या ‘संभाषण’पुढे मी शाईने काड्या ओढायला बसलो. आठ महिन्यांत भरलेल्या रविवारांच्या ३३ काड्या झाल्या आणि ती ओळ पानाबाहेर गेली.

नववे पान नव्याने लिहून पुढच्या रविवारी घेऊन ये. एका पानात बसले नाही तर मी वाचणार नाही.

तुझा,
काका