ती चोवीस वर्षं वाया गेली नव्हती

प्रश्न : माझा मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ७१ टक्के. त्याला व्हिडिओ गेम बनवायचे आहेत. कॉलेज नको, नोकरी नको, पहिल्या दिवसापासून स्वतःचंच काम हवं. कोजी इगाराशी नावाच्या जपानी डिझायनरचं नाव सारखं त्याच्या तोंडात असतं. त्यांनी कोनामी ही गेम बनवणारी कंपनी सोडून स्वतःचा गेम काढला. ‘त्यांची चोवीस वर्षं नोकरीत गेली, मला माझी वाया घालवायची नाहीत,’ असं तो म्हणतो. मी स्वतः बावीस वर्षं एकाच कंपनीत आहे. माझं म्हणणं असं की, एवढा मोठा माणूस जिथे टिकला नाही त्या धंद्यात काय राम असणार? तरी मी अडवलं नाही. एक वर्ष दिलं आहे. वर्षभरात माझ्या पगाराएवढं कमावून दाखव, नाहीतर मी सांगेन त्या इंजिनीअरिंग कॉलेजात जायचं, असं कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. तो कागद त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. सह्या करण्याआधी, जूनमध्ये, त्याने मला एक खेळ दाखवला होता. एक माणूस कंदील घेऊन विहिरीत उतरतो आणि कंदिलातलं तेल संपत जातं. त्यानंतर चार महिने काही दाखवलेलं नाही. मी खोलीत गेलो की स्क्रीन बंद करतो. म्हणजे काही करत नसावा. तुम्ही त्याला समजावून सांगाल का? – एक वडील

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी त्या कपाटाच्या दारापाशीच थांबले. ७१ टक्क्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. इगाराशींकडे नंतर येते. आधी तो कागद.

तुमचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पुष्कळ घरांत एवढंही मिळत नाही. पण तुम्ही घातलेली अट कुणालाही पुरी करता येण्यासारखी नाही. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एकट्याने केला. चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग, सगळं. त्याच्याजवळ संगणकशास्त्राची पदवी होती, तरी चार वर्षांहून जास्त काळ लागला. त्या काळात तो एका थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं अर्धवेळ काम करत होता. २०१६मध्ये गेम बाजारात आला, तेव्हा कुठे पैसे दिसले. इगाराशींच्या गेमसाठी लोकांनी २०१५मध्ये पैसे दिले आणि गेम हातात आला २०१९मध्ये. तुम्ही अठरा वर्षांच्या मुलाला बारा महिने दिलेत, आणि त्याची कमाई तोलणार कशाशी, तर तुमच्या बावीस वर्षांच्या नोकरीनंतरच्या पगाराशी. याला मी संधी म्हणणार नाही. निकाल आधीच लिहून ठेवलाय, फक्त तारीख पडायची बाकी आहे. आणि हे त्याला कळलेलं आहे.

तो काही करत नसावा, असं तुम्हाला वाटतं. मला उलट वाटतं. जूनपर्यंत तुम्ही त्याच्या गेमचे पहिले खेळाडू होतात. सही केल्यावर परीक्षक झालात. अर्धवट काम कुणी परीक्षकाला दाखवतं का? खोलीत पाऊल टाकताच स्क्रीन बंद होते, कारण स्क्रीनवर जे आहे त्याची किंमत तुम्ही मनात रुपयांत करणार, अशी त्याची खात्री झाली आहे. ही खात्री त्याला त्या कागदाने दिली.

यात दुःखाची बाब अशी की, या कामाला जे सगळ्यात जास्त लागतं तेच त्या कागदाने काढून घेतलं. गेम डिझायनर म्हणजे चित्रं काढणारा, असा समज असतो. त्याचं खरं काम आहे नियम ठरवण्याचं. कंदिलात तेल किती असावं, एक पायरी उतरायला किती जळावं, ते संपत आल्याचं खेळणाऱ्याला कशावरून कळावं, संपलं तर पुन्हा वर यायचं की तिथूनच सुरुवात. हे नियम जमले की नाही, ते ठरवणाऱ्याला स्वतःला कधीच कळत नाही, कारण विहिरीत पुढे काय आहे ते त्याला पाठ असतं. म्हणून मोठमोठ्या कंपन्याही परक्या माणसाला खुर्चीत बसवतात, हातात कंट्रोलर देतात आणि मागे उभं राहून मुकाट बघतात. याला प्लेटेस्ट म्हणतात. चार महिने कुणालाही न दाखवता बनवलेला गेम म्हणजे चार महिने कुणीही न चाखलेली आमटी. मीठ कमी की जास्त, ते कोण सांगणार?

आता इगाराशी. तुम्ही दोघांनीही त्यांच्या गोष्टीतून एकच प्रसंग उचलला आहे, नोकरी सोडण्याचा. मुलगा म्हणतो, सोडली म्हणजे आधीची वर्षं फुकट गेली. तुम्ही म्हणता, सोडली म्हणजे धंदाच बुडीत. मला दोन्ही पटत नाही.

इगाराशी १९९०मध्ये कोनामीत लागले. सुरुवातीला प्रोग्रामर होते, पुढे कथालेखन केलं. ‘कॅसलव्हेनिया’ या गेम-मालिकेतल्या १९९७च्या ‘सिम्फनी ऑफ द नाइट’वर ते सहायक दिग्दर्शक होते. त्यानंतर कित्येक वर्षं त्या मालिकेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. २०१४मध्ये ते बाहेर पडले. त्या मालिकेसारखे गेम आता लोकांना नको आहेत, असं गेम बाजारात आणणाऱ्या मोठ्या प्रकाशकांनी ठरवून टाकलं होतं, आणि यांना तर तसाच गेम करायचा होता. २०१५च्या मे महिन्यात त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांकडे ५ लाख डॉलर मागितले. सुमारे ६५ हजार लोकांनी मिळून ५५ लाख डॉलर दिले.

हे ६५ हजार लोक आले कुठून? त्यांतल्या बहुतेकांनी इगाराशींचे जुने गेम खेळलेले असणार. ते पैसे त्या चोवीस वर्षांवर मिळाले. बाहेर पडताना ‘कॅसलव्हेनिया’ हे नाव त्यांना बरोबर नेता आलं नाही. ते कोनामीच्या मालकीचं. पात्रं, कोड, संगीत, सगळं मागे राहिलं. म्हणून ‘ब्लडस्टेन्ड’ हे नवं नाव घेऊन नव्याने सुरुवात करावी लागली. बरोबर आला तो हाताला बसलेला सराव, आणि माणसं. जुन्या गेमच्या संगीतकार मिचिरू यामाने नव्या गेमलाही संगीत द्यायला आल्या. अशी माणसं जाहिरात देऊन मिळत नाहीत. बरोबर काम केल्याशिवाय ती जोडली जात नाहीत.

एका गैरसमजाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तो मला जवळजवळ प्रत्येक मुलाच्या पत्रात दिसतो. स्वतंत्र म्हणजे एकटा, आणि स्वतंत्र म्हणजे वर कुणी नाही, असं मुलं धरून चालतात. इगाराशींच्या नव्या गेमवर त्यांच्या स्वतःच्या कंपनीखेरीज बाहेरच्या स्टुडिओंनीही काम केलं. लोकांनी दिलेल्या ५५ लाख डॉलरांत तो पुरा होणार नव्हता. मागणी आहे हे दाखवून बाहेरची मोठी गुंतवणूक मिळवण्यासाठीच ती मोहीम होती. गेम प्रसिद्ध केला तो ५०५ गेम्स या प्रकाशकाने. हो, प्रकाशक सोडून निघालेल्या माणसाच्या गेमलाही प्रकाशक लागला. चाचण्या, भाषांतरं, कन्सोल म्हणजे गेम खेळायची यंत्रं बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची मंजुरी, दुकानात माल पोचवणं ही कामं कुणाला तरी करावीच लागतात, आणि प्रकाशक बहुधा आपले लावलेले पैसे आधी वसूल करून घेतो, मगच वाटा देतो. पूर्वी वरिष्ठांना उत्तर द्यावं लागे, आता ६५ हजार लोकांना द्यावं लागलं. २०१७मध्ये यायचा गेम २०१८वर गेला, मग २०१९वर. काही यंत्रांसाठी कबूल केलेल्या आवृत्त्या रद्द कराव्या लागल्या. निंटेंडोच्या स्विच या कन्सोलवरची आवृत्ती आली तेव्हा अडखळत चालत होती, ती पुढे दुरुस्त करावी लागली. गेम लोकांना मनापासून आवडला, तरीही हे सगळं झालं.

आणि अनुभव असला म्हणजे सगळं तरून जातं, असंही नाही. केजी इनाफुने हे दुसरे जपानी गेमकार १९८७मध्ये कॅपकॉम या गेम कंपनीत लागले आणि २०१०मध्ये बाहेर पडले. २०१३मध्ये ‘मायटी नंबर ९’साठी त्यांनी ९ लाख डॉलर मागितले, ३८ लाखांहून अधिक मिळाले. एकाच वेळी कितीतरी यंत्रांवर गेम देण्याचं कबूल केलं, तारखा पुन्हा पुन्हा पुढे गेल्या, आणि २०१६मध्ये गेम आला तेव्हा चाहत्यांचा विरस झाला. त्यांच्याकडेही दोन दशकांहून जास्त अनुभव होता. आपल्याला किती झेपेल याचा अंदाज तेवढा चुकला. मुलाने इगाराशींइतकंच हेही प्रकरण नीट वाचावं.

तुमच्या म्हणण्याबद्दलही एक सांगते. कंपनी सोडणं म्हणजे पळ काढणं, असं दर वेळी नसतं. १९७९मध्ये अटारी या गेम कंपनीतून चार प्रोग्रामर बाहेर पडले, कारण त्यांनी बनवलेल्या गेमवर त्यांची नावं येत नव्हती आणि विक्रीतला वाटाही मिळत नव्हता. त्यांनी काढलेली कंपनी म्हणजे ॲक्टिव्हिजन. नोकरी म्हणजे कायमची सोय, हेही या क्षेत्रात धरून चालू नका. २०२४च्या पहिल्या दोन महिन्यांत मायक्रोसॉफ्टने गेम विभागातले १९०० आणि सोनीने सुमारे ९०० लोक कमी केले. तेव्हा ‘आधी नोकरी कर’ असं मी म्हणते ते सुरक्षिततेसाठी नाही. लोकांच्या मधे बसून गेम पुरा कसा होतो, तारीख चुकली की कुणाची झोप उडते, आवडती कल्पना कधी कापून टाकायची, हे दुसरीकडे कुठे शिकता येत नाही म्हणून म्हणते. टेस्टर म्हणून, म्हणजे गेम खेळून चुका शोधायला, लागला तरी चालेल. नोकरी घेताना करारपत्रात एक कलम मात्र वाचायला सांगा : फावल्या वेळेत केलेला गेम कोणाच्या मालकीचा? काही करारांत तो कंपनीचा ठरतो.

शिक्षणाबद्दल तुम्हाला माहीत असेलच : डिझाइनसाठी यूसीड किंवा एनआयडीची डॅट, संगणकासाठी जेईई किंवा सीईटी, या प्रवेश परीक्षा आहेत. यातलं कोणतंही चालेल. पण करारात हरला म्हणून भरावा लागलेला दंड, या स्वरूपात नको. शिक्षा म्हणून घेतलेल्या प्रवेशाचं काय होतं, ते मी दुसऱ्या वर्षाच्या निकालानंतर माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये पाहते.

एक विचारू? ‘चोवीस वर्षं वाया’ हे त्याचं वाक्य तुम्ही अवतरणात लिहिलंत आणि लगेच पुढे स्वतःची बावीस वर्षं लिहिलीत. मला वाटतं, ते तुम्हाला लागलं. ऐकताना त्याने तुमच्याच आयुष्याला वाया म्हटल्यासारखं वाटलं असेल. त्याच्या मनात ते नसणार. अठराव्या वर्षी वीस-पंचवीस वर्षं ही नुसती संख्या असते. पण तो कागद त्याच दुखण्यातून आला असेल, तर ते दुखणं त्याला सांगा. तुम्ही त्या बावीस वर्षांत काय शिकलात, कुणाच्या हाताखाली शिकलात, कोणती चूक महागात पडली, हे त्याला कधी सांगितलंय का? इगाराशींबद्दल मी वर जे लिहिलं, ते माझ्यापेक्षा तुम्ही जास्त चांगलं सांगू शकाल.

त्याला समजावून सांगा, असं तुम्ही लिहिलंत. त्याला माझं एवढंच सांगणं आहे : विहिरीचा गेम लहान कर. एकच विहीर, दहा मिनिटांचा खेळ, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत पुरा. कागदावर मोठा आणि हातात अर्धा, असा गेम पाहून कोणतीही कंपनी किंवा कॉलेज तुला जोखू शकत नाही. ‘लुडम डेअर’सारख्या स्पर्धांत लोक ४८ तासांत एक गेम उभा करतात, तशा दोन-तीन कर, हरलास तरी चालेल. मग दहा वेगवेगळ्या माणसांना खेळायला दे आणि ते खेळत असताना तोंड उघडू नकोस.

त्या दहांतले पहिले तुम्ही व्हा. आधी तो कागद काढा, आणि त्याच्यादेखत काढा. त्याच दिवशी गेम मागू नका. आठवडा जाऊ द्या, दोन जाऊ द्या. मग म्हणा, ‘तो विहिरीचा खेळ मला खेळायचाय.’ चार महिन्यांपूर्वी एकदाच पाहिलेला कंदील तुम्हाला अजून आठवतो आहे, त्यातलं तेल संपत जातं हेसुद्धा. ते त्याला सांगितलंत तरी बरंच काम होईल. बसाल तेव्हा छान आहे म्हणू नका, पैसे मिळतील का हेही विचारू नका. कुठे अडकलात आणि तेल कोणत्या पायरीवर संपलं, तेवढं त्याला सांगा.