लाल टोपी, नारिंगी टोपी : परिचर्येतील प्रश्नोत्तरे

प्रश्न : सासूबाईंना सकाळी २० युनिट इन्सुलिन असते. आठवडाभर साखर २८०च्या खाली येत नाही. डोस वाढवावा का? या खेपेला फार्मसीतून नारिंगी टोपीच्या सिरिंज मिळाल्या, एवढाच काय तो बदल. (एक सून, डिचोली)

उत्तर : तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेत, त्यातच बहुधा उत्तर आहे. बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा ४० युनिट प्रति मिलीची असते आणि तिला लाल टोपीची सिरिंज लागते. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिट प्रति मिलीच्या इन्सुलिनसाठी. तिच्यात २०च्या खुणेपर्यंत ओढले की ०.२ मिली येते. ४०च्या बाटलीतले ०.२ मिली म्हणजे ८ युनिट. बाटली ४०ची निघाली, तर सासूबाईंना आठवडाभर निम्म्याहून कमी औषध मिळाले आहे.

आपल्या मनाने डोस वाढवू नका, राहिलेले भरून काढायलाही जाऊ नका. लाल टोपीच्या सिरिंज आणा आणि डॉक्टरांना साखरेच्या आकड्यांबरोबर सिरिंजचेही सांगा. हे सांगणे फार महत्त्वाचे. नुसते २८० ऐकून त्यांनी डोस ३० केला, तर नारिंगी सिरिंजने अंगात १२ युनिट जातील आणि पुढच्या महिन्यात लाल टोपी हाती आली की त्याच खुणेवर एकदम ३०.

उलटी चूक याहून घातक. इन्सुलिन टोचायच्या पेनाचे कार्ट्रिज (आतली औषधाची नळी) सहसा १०० युनिट प्रति मिलीचे असते. बाटली संपली म्हणून त्यातून लाल टोपीच्या सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत ओढले, तर ५० युनिट जातात. पेनातले इन्सुलिन सिरिंजने कधीच ओढू नये.

इन्सुलिन दुधाळ असेल तर बाटली तळहातांत दहा वेळा हलकेच घोळवा, खळखळून हलवू नका. जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे इन्सुलिन असेल, तर सुई टोचण्याआधी चुलीवरची पेज शिजत आली आहे ना, ते बघा. हरतालिकेचा उपवास असेल तर त्या दिवसाचा डोस आदल्या दिवशीच विचारून ठेवा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले तर साखर तपासा. ७०च्या खाली असेल आणि त्या शुद्धीत असतील, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन लावा.

प्रश्न : रात्रपाळीत ७८ वर्षांच्या आजींची डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी द्यायची होती. मनगटाची नाडी ५४ लागली. कालपासून त्यांना जेवण नको झाले आहे, एकदा उलटीही झाली. केसपेपरवर ऑर्डर स्पष्ट आहे. डॉक्टर फोन उचलत नव्हते. काय करायला हवे होते? (स्टाफ नर्स, म्हापसा)

उत्तर : गोळी थांबवायची. आधी स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या बाजूला, पाचव्या बरगडीच्या खालच्या फटीत ठेवून पूर्ण ६० सेकंद ठोके मोजायचे. १५ सेकंद मोजून चारने गुणणे इथे चालत नाही, कारण ठोके अनियमित असले की त्यातले काही मनगटापर्यंत पोचतच नाहीत. प्रौढ रुग्णात ठोके ६०च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवतात.

तुमच्या पत्रात नाडीपेक्षाही मोठी खूण आहे ती अन्नावरची वासना जाण्याची आणि उलटीची. म्हाताऱ्या माणसात डिगॉक्सिन अंगात साचू लागले की बहुधा हीच लक्षणे आधी दिसतात. सगळे पिवळे दिसते का, तेही विचारा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर रक्तातले पोटॅशियम खाली जाऊ शकते आणि मग विषबाधा लवकर होते. औषध काही तास उशिरा गेले तर सहसा फारसे बिघडत नाही. दीड-दोन दिवसांनीही त्यातले निम्मे अंगात उरते, किडनी मंद असेल तर त्याहून जास्त. दिलेली गोळी मात्र परत काढता येत नाही.

डॉक्टर उचलत नसतील तर दुसऱ्या ड्युटी डॉक्टरांना, मग वरिष्ठांना लावा. बोलणे असे असावे : “सर, बेड ६च्या आजी, डिगॉक्सिन चालू, ठोके मिनिटाला ५४, कालपासून जेवण नाही, एक उलटी. मी गोळी थांबवली आहे. ईसीजी काढू का? रक्तातले पोटॅशियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासायला पाठवू का?” मग वेळ, ठोके, कुणाला किती वाजता फोन केला, हे सगळे केसपेपरवर लिहा. ऑर्डर थांबवून विचारणे हा उद्धटपणा नव्हे, ते तुमचे कामच आहे.

प्रश्न : सलाईनमधून द्यायच्या पोटॅशियम क्लोराईडबद्दल मॅडम इतक्या कडक का असतात? (नर्सिंगची विद्यार्थिनी, बांबोळी)

उत्तर : कारण ते थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडते. नेहमीच्या १० मिलीच्या अँप्यूलमध्ये (काचेच्या छोट्या कुपीत) २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचे एकक) असतात आणि घाईत ती डिस्टिल्ड वॉटरची वाटू शकते. म्हणून दोन्ही एका ट्रेमध्ये नकोतच. टांगलेल्या सलाईनमध्येही ते टोचू नये. जड असल्याने ते खाली तोंडाशी बसते आणि पहिल्या काही मिलीतच भरमसाट जाते. बाटली खाली काढा, औषध घाला, दहा वेळा उलटीसुलटी करा, लेबल लावा, मगच टांगा. वॉर्डमध्ये हातातल्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नको. लघवी होते आहे ना, हे सुरू करण्याआधी पाहायचे.

प्रश्न : घरी औषधांची वही ठेवतो. लिहिताना काय जपावे? (फोंडा)

उत्तर : आकडे. आपला ४ इंग्रजी आठासारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी नऊसारखा. वही तुम्ही मराठीत लिहिता आणि रात्री सांभाळायला येणारी व्यक्ती इंग्रजी आकड्यांना सरावलेली असते. शेजारी अक्षरांतही लिहा : ४, चार. “युनिट” पूर्ण लिहा. नुसते इंग्रजी यू शून्यासारखे वाचले जाते आणि ४चे ४० होतात. अर्धी गोळी ०.५ लिहा, .५ नको, पाच असेल तर नुसते ५, ५.० नको. आणि खूण गोळी गिळल्यावर करा, हातात काढल्यावर नाही.