जुन्या मालकाची थकबाकी, बिल नव्या मालकाच्या दारात

प्रश्न : साखर पेठेतलं जुनं घर गेल्या ऑगस्टमध्ये घेतलं. आता जुन्या मालकाच्याच नावाने 71,600 रुपयांचं मिळकत कराचं बिल आलंय, त्यात 2019 पासूनची बाकी आहे. खरेदीखतात 'कोणताही बोजा नाही' असं स्पष्ट लिहिलंय. खालच्या खोलीत पूर्वी माग होते, ते आम्ही घ्यायच्या आधीच निघाले. हे पैसे मी का भरू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : खरेदीखतातलं ते वाक्य तुमच्या आणि विकणाऱ्याच्या मधलं. पालिका त्याला बांधील नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 141 प्रमाणे कराची बाकी हा मिळकतीवरचाच बोजा असतो. बाकीची कल्पना नसलेल्या लिलाव-खरेदीदाराला सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये अहमदाबाद पालिकेच्या खटल्यात संरक्षण दिलं होतं, पण साध्या खरेदीत 'पालिकेत चौकशी का केली नाही?' हा प्रश्न येतोच. त्या भरवशावर बिल बाजूला ठेवू नका.

आधी मिळकत क्रमांक देऊन वर्षवार खाते उतारा मागा. त्यात मूळ कर आणि शास्ती (उशिरा भरल्याचा दंड) वेगवेगळी दिसली पाहिजे. शास्ती महिना 2 टक्के, म्हणजे 10,000 च्या बाकीवर वर्षाला 2,400. पाच-सहा वर्षांत ती मुद्दलाच्याही पुढे जाते, आकडा फुगतो तो इथे. जुन्या मालकाने भरल्याच्या पावत्या असतील तर उताऱ्याशी ताडून पाहा.

मग आकारणी पाहा. बिलात रोजगार हमी कराची ओळ असेल तर घराचा काही भाग अजून बिगरनिवासी धरलेला आहे, कारण हा कर राहत्या घराला लागत नाही. माग असलेल्या घरांत हे हमखास आढळतं : माग विकले, वीजजोड तोडला, पण पालिकेत कोणी कळवलं नाही. वीजजोड बंद केल्याचा कागद आणि खोलीचे फोटो जोडून वापर बदलाचा अर्ज द्या आणि जागेची पाहणी मागा. दुरुस्ती सहसा चालू आर्थिक वर्षापुरतीच होते, मागची वर्षं सुटत नाहीत. म्हणून 31 मार्चची वाट पाहू नका.

नाव लावणं हे वेगळं काम. दस्त नोंदला की पालिकेत नाव आपोआप चढतं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. नोंदणीपासून तीन महिन्यांत हस्तांतराची सूचना द्यावी लागते, तुमची मुदत टळलीय, तरी इंडेक्स 2 (नोंदणी कार्यालयातून मिळणारा दस्ताचा गोषवारा) आणि खरेदीखताची प्रत जोडून अर्ज द्याच. सूचना जाईपर्यंत विकणाराही करासाठी जबाबदार राहतो, हे तुमच्या बाजूचं. सिटी सर्व्हेच्या (नगर भूमापनाच्या) उताऱ्यावरचं नाव मात्र वेगळ्या कार्यालयात लावावं लागतं.

विक्रीच्या तारखेपर्यंतचा कर विकणाऱ्याने भरायचा, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं (करारात उलट ठरलं नसेल तर). त्याला नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस द्या, सोबत वर्षवार उतारा. त्याने दाद दिली नाही आणि जप्ती टाळायला तुम्हीच भरलं, तर पावती जपा. वसुलीचा दावा भरल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. शास्तीमाफीची अभय योजना चालू असेल तर भरण्याची वेळ तीच, मात्र मूळ कर त्यात माफ होत नाही.

फक्त आपल्या वर्षाचे पैसे भरायला गेलात तर रक्कम जुन्या बाकीत वळती होण्याची शक्यता असते. कोणत्या वर्षाचा भरणा आहे ते अर्जात लिहा, पोच घ्या आणि पावतीवरचं वर्ष खिडकीवरच वाचून पाहा.