पँट्रीतली कॉफी कुणाची?

‘मॅडम, एवढ्याशा गोष्टीसाठी तुमचा वेळ घेतेय, पण...’ असं कुणी म्हणालं की बहुतेक वेळा पुढे ऑफिसची पँट्री येते. कुणाचं दूध संपवलेलं असतं. कुणाचा ठेवणीतला मग दुसऱ्याच्या टेबलावर सापडलेला असतो. सिंकमध्ये सकाळपासूनचे कप तसेच पडलेले असतात, फ्रिजमधला डबा कुणीतरी उघडून पाहिलेला असतो. पणजीत पाटोवरच्या कचेऱ्यांतून येणारी माणसं हे सांगतात, वेर्ण्याच्या कंपन्यांतली सांगतात, बँकेतली आणि शाळेच्या शिक्षक-खोलीतलीही सांगतात. सगळ्यांचा प्रश्न सारखाच असतो: बोललं तर आपण कोते ठरतो, नाही बोललं तर आत जळत राहतं. मग करायचं काय?

समुपदेशक म्हणून मी या तक्रारीला कधी क्षुल्लक मानत नाही. माणूस दिवसाचे आठ-नऊ तास जिथे काढतो, तिथे तो निवांत बसून घास खाऊ शकतो की नाही, यावर त्याच्या मनःस्थितीचं बरंच काही अवलंबून असतं.

वैदेहीची गोष्ट सांगते. नाव आणि तपशील बदलले आहेत. वय छत्तीस, फोंडा तालुक्यात राहणारी, वेर्ण्याला एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी. ती पँट्रीसाठी आलीच नव्हती. ‘घरी गेले की मुलावर ओरडते आणि रविवारी संध्याकाळपासून छाती जड होते’, ही तिची तक्रार. दोन-तीन भेटींनंतर मुद्दा कॉफीवर आला. चहाची पावडर आणि साखर कंपनी देते. कॉफीची बाटली मात्र वैदेही स्वतः आणते, दुधाची पिशवीही आणते. दुपारपर्यंत दोन्ही संपतात. कप कुणी धुवत नाही, ते हिच्याच वाट्याला येतात. तिने सिंकवर एक कागद चिकटवला होता: ‘हे तुमचं घर नाही. आपापले कप धुवा.’ दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली कुणीतरी हसरा चेहरा काढून ठेवला. तेव्हापासून ती जेवायला सगळ्यांसोबत बसेनाशी झाली, आणि कोण काय घेतं याच्या नोंदी एका वहीत करू लागली.

“महिन्याला कॉफीला किती खर्च येतो?” मी विचारलं.

“पैशांचा प्रश्नच नाही.”

“मग कशाचा आहे?”

बराच वेळ ती पर्सच्या चेनशी चाळा करत होती. “मला गृहीत धरतात, मॅडम. मी त्यांची कोण लागते?”

“पहिल्यांदा कुणी तुमच्या बाटलीतली कॉफी घेतली, तेव्हा काय म्हणालात?”

“काही नाही. हसले.”

“आणि दुसऱ्या वेळी?”

“घ्या ना, म्हटलं. दारात आलेल्याला आपण कॉफी नाकारतो का?”

“म्हणजे घ्यायला तुम्हीच सांगितलं होतं.”

ती माझ्यावर चिडली. चिडू दिलं. समुपदेशकावर निघालेला राग पुष्कळदा खऱ्या जागेच्या जवळ पोचल्याची खूण असतो. “पण लोकांना कळायला नको का?” हा तिचा प्रश्न. कळायला हवं होतं, हे मान्य. पण कळलं होतं की नाही हे तपासलेलं नव्हतं. मी तिला एकच काम दिलं. कुणावरही आरोप न करता, सहज, दोघा-तिघांना विचारायचं: ती कॉफी कोण आणतं, असं तुम्हाला वाटतं?

पुढच्या वेळी ती आली तेव्हा चेहरा वेगळाच होता. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली होती, “तें ऑफिसाचें न्हय?” चहा-साखर ज्या फळीवर, त्याच फळीवर कॉफी, म्हणजे तीही कंपनीचीच, असं तिने धरून चालवलं होतं. एका सहकाऱ्याला कॉफी कुणाची ते ठाऊक होतं. ‘तूच घ्या म्हणालीस ना’, असं त्याने प्रांजळपणे सांगितलं. आणि कप? संध्याकाळी झाडू मारायला येणाऱ्या मावशी धुतात, असं सगळ्यांनाच वाटत होतं. मावशींचं कंत्राट फक्त लादी आणि संडास-बाथरूमचं. कपांचं काम कधी कुणाला दिलेलंच नव्हतं.

हे सांगता सांगता वैदेही थांबली आणि एकदम माहेरच्या गोष्टीवर गेली. तिचं माहेर मडकईच्या बाजूला, खाजनाच्या काठी. खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेली शेती. भरती-ओहोटीच्या पाण्याची वाट बांधातल्या मानशीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेच्या, दारातून जाते. तिचे आजोबा सांगायचे, पूर्वी बांधाला भोक पडलेलं ज्याला दिसेल त्याने हाक घालायची आणि वाड्यावरच्या सगळ्यांनी चिखल घेऊन धावायचं. खर्च कुणी किती द्यायचा, राखण कुणी करायची, सगळं ठरलेलं असायचं. 1964 साली कुळकायदा आला, पुढे जमीन कसणाऱ्याची झाली. “ते चांगलंच झालं, आमचंही घर त्यावरच उभं राहिलं,” ती म्हणाली. “पण बांध कुणाचा, ते आमच्याकडे ठरलं नाही. कोण म्हणे कोमुनिदादीचा, म्हणजे गावकीच्या संस्थेचा, कोण म्हणे कुळांचा, कोण म्हणे सरकारने बघावं. भोक सगळ्यांना दिसत होतं. एक दिवस खारं पाणी आत आलं.”

मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मॅडम, आमच्या सिंकचं तेच झालंय. कुणी वाईट नाही हो. कुणाचं काय ते ठरलेलंच नाही.”

त्या क्षणी मी काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती. इतके महिने ही बाई एक वाक्य घेऊन जगत होती: हे लोक मला मोलकरीण समजतात. सिंकमधला प्रत्येक कप तिला त्याचा पुरावा वाटायचा, आणि वही पुराव्यांनी भरत चालली होती. त्या दिवशी तिने ते वाक्य आपल्याच हाताने खाली ठेवलं. माझी कामाची बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर उभी आहे. प्रसंग माणसाला जेवढा पोळतो, त्याहून त्या प्रसंगाला त्याने लावलेला अर्थ जास्त पोळतो, हे ते 1955 पासून मांडत आले. पण खाजनाच्या बांधापर्यंत मी तिला नेलं नव्हतं. तिथे ती स्वतः गेली. असं घडतं तेव्हा आपण नेमकी जागा मोकळी सोडली होती, याचं समाधान मला मिळतं, आणि ते मी लपवत नाही.

अर्थ बदलला तरी कप उरतातच. म्हणून पुढची भेट आम्ही फक्त वाक्यं तयार करण्यात घालवली. जेवणाच्या वेळी तिने सगळ्यांसमोर सांगितलं ते असं: “कॉफी आणि दूध मी घरून आणते. अधूनमधून कुणाला कप दिला तर मला आनंदच आहे, पण रोजची मला झेपत नाही. ज्यांना रोज हवी त्यांनी महिन्याला थोडे पैसे काढू या, नाहीतर मी बाटली माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवते. आणि कपांचं काय करायचं ते आजच ठरवू या.” बहुतेकांनी पैसे काढले. एकाने ‘मी चहाच पितो’ म्हणून नाही सांगितलं, आणि तेही बिनसल्याशिवाय पार पडलं.

ज्यांना असंच बोलायचं आहे त्यांना मी सांगते: राग यायच्या आत बोला. तिसऱ्या वेळी बोललात तर विनंती असते, तिसाव्या वेळी बोललात तर मागच्या एकोणतीस वेळांचा हिशेब आवाजात उतरतो. एका वेळी एकच गोष्ट काढा. कॉफीचं बोलताना दिवाळीला कुणी फराळ आणला नव्हता, ते नको. भिंतीवर कागद चिकटवू नका. कागद सगळ्यांना उद्देशून असतो, म्हणून प्रत्येकाला तो शेजाऱ्यासाठी आहे असं वाटतं, आणि त्यातला स्वर वाचणारा आपल्या मनाने ठरवतो. आपल्या वस्तूवर नाव आणि तारीख घाला. त्यात कमीपणा नाही. दुसऱ्याचं दूध घ्यावं लागलं तर त्याच दिवशी सांगा. शेवटचा चमचा संपवला तर तो संपला हे सांगणं तुमचं काम.

फ्रिज साफ करायचा वार ठरवा, पण आदल्या दिवशी कळवा. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं इन्सुलिन असल्याच साफसफाईत कुणीतरी मागे, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलं. गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. औषधं आणि बाळासाठी काढून ठेवलेलं आईचं दूध यांना वेगळा कप्पा हवा, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावू नये.

माशांच्या वासावरून दोन्ही बाजूंची माणसं माझ्याकडे येतात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, सुकं मासळीचं बाहेर निघतं, आणि मायक्रोवेव्हवरून वाद सुरू होतात. झाकण ठेवून गरम करा, खिडकी उघडा, नंतर आतून पुसून घ्या. किसमूर, म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, तर गरम करावीच लागत नाही. श्रावण पाळणाऱ्याला आधी गरम करून घेऊ द्या. एवढं मागणं रास्त आहे. पण ‘इथे मासे आणूच नका’ हे गोव्यात बहुसंख्यांच्या रोजच्या शीत-कडीवर, म्हणजे भात आणि माशांच्या आमटीवर, बोट ठेवणं आहे, आणि तसं सांगण्याचा हक्क कुणाला नाही.

इथे मला एक स्पष्ट सांगायचं आहे. काही गोष्टी शिष्टाचाराच्या नावाखाली येतात, पण त्या वेगळ्याच असतात. एखाद्याचा कप ‘वेगळा’ ठेवला जातो आणि कारण कुणी तोंडाने बोलत नाही. पाळी लावायची म्हटली की ती फक्त बायकांची लागते, किंवा नव्या शिकाऊ मुलीवर ढकलली जाते. अशा वेळी गोड वाक्यं शोधत बसू नका. तारखांसह लिहून वरिष्ठांकडे द्या. हा अन्याय आहे, आणि तो थांबवणं कंपनीचं काम आहे.

वैदेहीच्या ऑफिसात एक गृहस्थ अजूनही कप तसाच ठेवून जातात. तिने मला विचारलं, याचं काय करू? मी म्हटलं, एकदा समोर बसून, नावाने सांगा. तरी फरक पडला नाही तर त्यांचा कप धुऊ नका, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवा आणि तुमची कॉफी घेऊन जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसोबत बसा. तिने दोन्ही केलं. तो कप आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी अजून सिंकमध्ये सापडतो. वही मात्र तिने बंद केली आहे.