परदेशी मालामुळे नोकरी गेली, तर सरकारी प्रशिक्षणाचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत आयातीमुळे नोकरी गेलेल्या कामगारांना सरकार आपल्या खर्चाने नवं काम शिकवतं, तसं आपल्याकडे काही आहे का, आणि चिंचवडच्या कंपनीत असलेल्या तुमच्या मामांना ४७व्या वर्षी त्याचा उपयोग होईल का. खरं तर मी झोपायला चालले होते. पण ‘ट्रेनिंग घेतलं की नोकरी लागते’ हे वाक्य आमच्या घरात एक माणूस मला वीस वर्षं ऐकवतोय, म्हणून लिहितेच.

मी भोसरीत टेलिफोन बनवायच्या कंपनीत अठरा वर्षं होते. बटणांचे लँडलाइन फोन. माझं काम टच-अपचं, म्हणजे मशीनमधून आलेल्या सर्किट बोर्डावरचे सोल्डरिंगचे कच्चे टाके हाताने पुन्हा मारायचे. चांगला टाका चकचकीत आणि बसका दिसतो, कच्चा, म्हणजे ड्राय जॉइंट, राखाडी आणि दाणेदार. पहिल्या वर्षी भिंगाखाली बघावं लागायचं, नंतर बोर्ड तिरपा धरला की नुसत्या उजेडात कळायचं. माझ्या टेबलावरून गेलेला बोर्ड टेस्टिंगला परत आला तर लाइनवरच्या बाया थाळी वाजवायच्या, इतकं ते क्वचित व्हायचं. हे फुशारकीसाठी सांगत नाही. पुढे याचा संबंध येतो.

२००४च्या सुमारास मालकांनी एक चिनी फोन आणून कँटीनच्या टेबलावर ठेवला. आम्ही तो तिथेच खोलला. आत आमच्या निम्म्या आकाराचा बोर्ड, आणि आयसीच्या, म्हणजे चिपच्या जागी डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका. टच-अपला जागाच नाही. मालक म्हणाले, हा अख्खा फोन मुंबई बंदरात ज्या भावाला उतरतो, त्या भावात आपली बॉडी आणि आयसीसुद्धा येत नाही. माणूस वाईट नव्हता, खोटंही बोलत नव्हता. भारताने १९९७ साली माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील होऊन अशा मालावरचं आयात शुल्क २००५पर्यंत शून्यावर आणायचं कबूल केलं होतं. टेलिफोन त्या यादीत होता. त्याआधी १ एप्रिल २००१ला आयातीवरची उरलीसुरली ७१५ वस्तूंची बंधनंही उठली होती. दिल्लीत हे सगळं मोठी माणसं ठरवत होती, आणि आम्हाला ते कँटीनमध्ये, चहाच्या कपांशेजारी ठेवलेल्या फोनवरून कळलं.

२००५च्या दिवाळीनंतर गेटजवळच्या फलकावर कंपनी बंद होणार म्हणून साठ दिवसांची नोटीस लागली. आम्ही ८६ जण होतो. शंभराच्या आत म्हणजे तेव्हा बंद करायला सरकारची परवानगी लागायची नाही (आता नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती मर्यादा ३००वर नेली आहे). हिशोब झाला तो वर्षाला १५ दिवसांच्या पगाराने, वर ग्रॅच्युइटी. माझं वय ४१, पगार ४,८००, मुलगा दहावीला, नवरा रिक्षावर.

आता ट्रेनिंग. आमच्यापैकी कुणीतरी बातमी आणली की सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका संस्थेत तीन महिन्यांचे मोफत कोर्स आहेत. मी कासारवाडीहून पीएमटीने गेले. टेबलामागच्या बाईंना म्हटलं, मला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा द्या, सोल्डरिंग मला येतं, फक्त सर्किट वाचायला शिकायचंय. त्यांनी फॉर्मवरून नजर न उचलता सांगितलं, ‘त्यात जेन्ट्स असतात. लेडीजना शिवण किंवा ब्युटी पार्लर.’ अठरा वर्षं ज्या हातांनी टाके मारले, त्यांना टाके घालायला पाठवलं म्हणा ना.

शिवण घेतलं. तीन महिने, रोज दुपारी १ ते ४. बसभाडं माझं, कापड माझं, विद्यावेतन शून्य. सकाळी एका खाणावळीत पोळ्या लाटून मग जायचे. आम्ही ३१ बायका एका बॅचला, आणि पन्नासएक रुपये शिलाईचा ब्लाउज दापोडी-कासारवाडीत आणखी ३१ जणी शिवायला लागल्यावर काय होणार? सहा महिन्यांत शिलाई पस्तिसावर आली. ज्या आधीपासून शिवत होत्या त्यांचंही आम्ही वाटोळं केलं. बॅच मात्र कागदावर ‘यशस्वी’, कारण सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं.

शेवटी नोकरी लागली ती जुन्या लाइनवरच्या मैत्रिणीमुळे. तिचा भाऊ लांडेवाडीत मशीनचे ड्राइव्ह आणि इन्व्हर्टरचे बोर्ड दुरुस्त करायचा. त्याने एक जळका बोर्ड हातात दिला, मी तिरपा धरून तीन ड्राय जॉइंट दाखवले. दुसऱ्या दिवसापासून कामावर. पगार २,२००. सर्किट वाचायला तिथेच शिकले, त्या पोराकडून, जो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होता आणि मला ‘मावशी, शॉर्ट करू नका’ म्हणून ओरडायचा. जुन्या पगारावर यायला मला सहा वर्षं लागली.

म्हणून माझं मत सरळ आहे. आधी घरात पैसे यायला हवेत, शिकणं त्यानंतर. आणि शिकवायचं तर हाताला जे येतं त्याच्या शेजारचं शिकवा, गावाबाहेरचं नको.

अमेरिकेचं मला का माहीत, तर मुलामुळे. तो २०११ला हिंजवडीत लागला. पुढच्या वर्षी त्याचे केटीचे कॉल चालायचे. केटी म्हणजे तिकडचा माणूस आपलं काम इकडच्या माणसाला समजावून देतो आणि मग त्याची खुर्ची जाते. एका रात्री मुलगा घरूनच कॉलवर होता, मी पोळ्या लाटत होते. पलीकडचे गृहस्थ बावन्न वर्षांचे. कॉल संपल्यावर मुलगा म्हणाला, ‘आई, तो एसी-हीटिंगचं काम शिकायला जाणारे. त्याचं काम भारतात आलं म्हणून तिकडचं सरकार फी भरतंय, वर घरखर्चालाही देतंय.’ माझ्या लेकाच्या पगाराच्या पलीकडच्या टोकाला कुणाची तरी भोसरी झाली, हे मला कळलं. वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, जास्त हेवा वाटला.

मग मी मुलाकडून सगळं विचारून घेतलं. ती योजना अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडींच्या काळातली, १९६२ची. पहिली सात वर्षं एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही, इतक्या अटी. १९७४ला कायदा बदलल्यावर गाडी चालली. कंपनीतल्या तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चालायचा. मग कामगार खातं चौकशी करायचं की नोकरी खरंच आयातीमुळे किंवा काम परदेशी गेल्यामुळे गेली का. आधी हे फक्त वस्तू बनवणाऱ्यांसाठी होतं, सॉफ्टवेअरसारख्या सेवांना रीतसर दार उघडलं २००९मध्ये. मंजुरी मिळाली की कोर्सची फी, आणि कोर्स चालू असेपर्यंत बेकारी भत्ता धरून १३० आठवड्यांपर्यंत पैसे. पन्नाशीच्या पुढच्याला कमी पगाराची नोकरी धरावी लागली तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा हिस्सा दोन वर्षं सरकार देणार, एकूण १०,००० डॉलरपर्यंत. हे शेवटचं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ४,८०० आणि २,२०० यांच्यातला निम्मा फरक म्हणजे १,३००. तेवढ्यात मुलाचा क्लास निघाला असता.

पण तिकडेही आता आनंद आहे. १ जुलै २०२२पासून नवे अर्ज मंजूर होणं बंद झालं, कारण त्यांच्या संसदेने मुदत वाढवली नाही. आणि फायदा किती झाला यावर तिकडचेच अभ्यासक भांडतात. एका मोठ्या सरकारी पाहणीत चार वर्षांनंतरही ही माणसं योजनेबाहेरच्या तशाच बेकारांपेक्षा कमीच कमावत होती. नंतरच्या एका अभ्यासात दहा वर्षांचा हिशोब धरला तर ती बरीच पुढे निघाली. मला दोन्ही खरं वाटतं. शिकण्यात दोन वर्षं गेली की चौथ्या वर्षी माणूस मागेच दिसणार.

आपल्याकडे काय? परदेशी व्यापारामुळे नोकरी गेली म्हणून वेगळी अशी योजना नाही. १९९२ला नॅशनल रिन्यूअल फंड काढला होता, नावात नवं आयुष्य. पण बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांच्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत गेला, शिकवण्यावर चिमूटभर, आणि २०००मध्ये तो गुंडाळला. बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८६ची एक योजना होती, पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. ही मला पटते, पण आम्ही कुठे गिरणीवाले. आता औद्योगिक संबंध संहितेत रिस्किलिंग फंड, म्हणजे नवं काम शिकण्यासाठीचा निधी आलाय. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने शेवटच्या पगाराचे १५ दिवसांचे पैसे भरायचे, ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. पंधरा दिवसांच्या पगारात माणूस काय शिकणार, हे ज्याने लिहिलं त्याला विचारा.

मामांसाठी एवढंच. हिशोबाच्या कागदावर ‘राजीनामा’ हा शब्द असेल तर सही करायची नाही, कामगारांचा वकील बघायचा. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, ९० दिवसांपर्यंत मिळू शकतात, आयुष्यात एकदा. मात्र पगार २१,०००च्या वर गेल्यामुळे ईएसआयमधून बाहेर पडले असतील तर बहुधा नाही, आणि योजनेची मुदत वाढवत वाढवत चालली आहे, तेव्हा जाऊन विचारा. कोर्स घेण्याआधी मागच्या बॅचमधला एक माणूस गाठा आणि तो आज काय करतो ते बघा. संस्थेला विचारू नका, ती फोटो दाखवते. आणि मामा कोणत्या मशीनवर होते ते मला कळवा. ‘कंपनीत आहेत’ यावरून काही कळत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमचा फोन चीनने मारला की मोबाइलने, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. शुल्क शून्यावर आलं नसतं तरी २०१०पर्यंत घरोघरचा लँडलाइन गेलाच असता. अमेरिकेच्या योजनेचं खरं दुखणं मला हेच वाटतं. नोकरी परदेशामुळे गेली तर मदत, यंत्रामुळे गेली तर नाही. सोल्डरिंग गन खाली ठेवणाऱ्याला दोन्ही सारखंच. तसंच, शिवणाच्या कोर्सने माझ्या बॅचमधल्या दोघींचं भलं झालं. एकीचं पिंपळे गुरवला दुकान आहे. हे मी घरी कधी कबूल केलेलं नाही.

घरी म्हणजे आमच्या मोठ्या भाऊजींसमोर. ते सरकारी खात्यातून पेन्शनीत निघाले. दर गणपतीला आरती झाली की विषय काढतात, ‘सरकारने फुकट शिकवायला घेतलं होतं, हिने दोन आठवड्यांत सोडलं, चिकाटी नाही.’ ह्यांनीही कधी तोंड उघडून नाही म्हटलं नाही, रिक्षा पुसायला बाहेर जातात. शिलाई मशीन अजून घरात आहे. त्याच्या फळीवर माझं सोल्डरिंग स्टेशन आहे आणि लाकडावर चार डाग. भाऊजी, सुनबाईंनी तुम्हाला हे वाचून दाखवलं तर ऐका: दोन आठवडे नाही, पूर्ण तीन महिने, एकही खाडा नाही. प्रमाणपत्र लॅमिनेट करून लोखंडी कपाटात ठेवलंय, डाव्या कप्प्यात, रेशनकार्डाखाली.