सह्याद्रीत न्यायचा ट्रायपॉड: आधी वाऱ्याचा विचार करा

तुमच्याकडे मिररलेस कॅमेरा आणि १८-१३५ ची लेन्स आहे, पुढे ७०-३०० घ्यायची आहे. पुण्याहून राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड करता, पावसाच्या तोंडावर काजवेही टिपायचे आहेत. बजेट १२ हजार. दुकानात तुम्हाला १७० सेंटिमीटर उंचीचा, पाच सेक्शनचा (म्हणजे प्रत्येक पाय एकात एक सरकणाऱ्या पाच नळ्यांचा), १५ किलो पेलणारा अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड दाखवला. तो घ्यावा की पैसे साठवून कार्बन फायबरचा, असा तुमचा प्रश्न.

तो घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. पण कार्बनसाठी वर्षभर थांबायचीही गरज नाही.

आपल्याकडच्या किल्ल्यांवर ट्रायपॉडचा खरा शत्रू वारा आहे. राजगडावर सुवेळा माचीच्या नेढ्यापाशी किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर संध्याकाळी उभं राहिलात की लक्षात येतं: कॅमेरा जेमतेम एक किलोचा, त्यामुळे वजनाने ट्रायपॉड मोडत नाही, वाऱ्याने थरथरतो. म्हणून ‘१५ किलो पेलतो’ हा आकडा तुमच्या कामाचा नाही. तो मोजायची सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एकच पद्धत नाही, जो तो आपल्या रीतीने छापतो. वजन पेलणं आणि कंप पटकन विरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला दुसरी हवी असते.

ती कशावर ठरते? मुख्यतः पायाच्या सगळ्यात खालच्या, सगळ्यात बारीक नळीवर. भिंतीची जाडी तीच धरली तर नळीचा ताठपणा साधारण व्यासाच्या घनाच्या हिशोबाने वाढतो. वरची नळी २५ मिलिमीटरची असेल तर पुढच्या साधारण २२, १९, १६ अशा उतरत जातात, आणि पाचवी असली तर ती १३ च्या आसपास येते. १६ ची नळी १३ च्या नळीपेक्षा पावणेदोन पटींहून जास्त ताठ असते. पाच सेक्शनचा ट्रायपॉड मिटल्यावर छोटा होतो, सॅकला छान बसतो, हे खरं. पण त्याची किंमत त्या शेवटच्या काडीसारख्या पायात मोजावी लागते. ट्रेकसाठी चार सेक्शन घ्या. मिटल्यावर ४५ ते ५० सेंटिमीटर लांबी राहिली तरी ४० लिटरच्या सॅकच्या बाजूला तो व्यवस्थित बसतो.

आता ते १७० सेंटिमीटर. त्यातले तीसेक सेंटिमीटर बहुतेक वेळा मधला दांडा वर ओढून मिळवलेले असतात. दांडा वर काढला की तीन पायांवरचा कॅमेरा एका पायावर येतो; वाऱ्यात तो फोटो गेलाच म्हणून समजा. वेबसाइटवर ‘दांडा खाली असताना उंची’ हा आकडा शोधा आणि फक्त तोच धरा. तुमची उंची साडेपाच फूट असेल तर डोळे साधारण १५५ सेंटिमीटरवर येतात. त्यातून बॉलहेड (पायांवर बसणारं, गोळ्यावर फिरणारं कॅमेऱ्याचं डोकं) आणि कॅमेरा मिळून वीसेक सेंटिमीटर वजा करा. म्हणजे नुसते पाय १३० ते १३५ पर्यंत गेले तरी सपाट जागी वाकावं लागत नाही. उतारावर एक पाय जास्त लांब लागतो, पण तिथे मी तरी कॅमेरा खालीच ठेवतो. किल्ल्यावरच्या बहुतेक चांगल्या फ्रेम गुडघ्याच्या किंवा कमरेच्या उंचीवरून मिळतात, पुढचा कातळ, गवत, तटबंदी त्यात येते. त्यामुळे पाय वेगवेगळ्या कोनांत फाकवता येतात का आणि दांडा काढून टाकता येतो किंवा आखूड करता येतो का, हे १७० सेंटिमीटरपेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

कार्बनबद्दल. कार्बन हलका असतो, कंप लवकर विरवतो आणि जानेवारीच्या पहाटे तोरण्यावर हाताला बर्फासारखा लागत नाही. गिट्झो कंपनीने १९९४ मध्ये कार्बनचे ट्रायपॉड आणले तेव्हापासून डोंगरात फिरणाऱ्यांना ते आवडत आले आहेत, त्याला कारण आहे. पण फरक किती ते बघा. पीक डिझाइन कंपनीचा ट्रॅव्हल ट्रायपॉड दोन्हींत मिळतो: कार्बनचा सुमारे १.३ किलो, अॅल्युमिनियमचा सुमारे १.६ किलो. म्हणजे तीनेकशे ग्रॅम. मे महिन्यात राजगडावर आपण तीन लिटर पाणी वाहतो, त्यात या तीनशे ग्रॅमसाठी किमतीत पडणारा फरक मला तुमच्या बजेटमध्ये पटत नाही. १२ हजारांत मिळणाऱ्या स्वस्त कार्बनमध्ये नळ्या बारीक आणि सांधे ढिले असण्याची शक्यता जास्त. त्याच पैशात बेनरो, सिरुई, मॅनफ्रोटो यांच्या चार सेक्शनच्या अॅल्युमिनियम ट्रायपॉडमधून निवडा. हेडसकट दीड ते पावणेदोन किलो वजन चालेल. दोन किलोच्या वर जाऊ नका, नाहीतर तो दोन ट्रेकनंतर घरीच राहायला लागेल. घरी राहिलेला ट्रायपॉड कितीही ताठ असला तरी उपयोगाचा नाही.

हेडकडे लोक दुर्लक्ष करतात. सिनेमावाल्यांसारखं लांब दांडीचं पॅन हेड ट्रेकला नको. दांडी सॅकच्या पट्ट्यात अडकते. साधं बॉलहेड घ्या, आर्का-स्विस पद्धतीच्या प्लेटचं (प्लेट म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडच्या खाचेत अडकवायची पट्टी). ही ३८ मिलिमीटर रुंदीची खाच आता बहुतेक कंपन्या वापरतात, त्यामुळे पुढे हेड बदललं तरी प्लेट आणि एल-ब्रॅकेट (कॅमेरा उभाही बसवता येणारी एल आकाराची पट्टी) तेच चालतात. मॅनफ्रोटोच्या काही हेडना त्यांची स्वतःची वेगळी प्लेट लागते, ते घेण्याआधी बघा. पायांवरचा स्क्रू ३/८ इंचाचा असला आणि हेड सुटं होत असलं तर उत्तम. पाय चांगले घ्या, हेड नंतर बदलता येतं. काटकसर करायची तर हेडमध्ये करा, पायांत नाही.

दुकानात जाताना स्वतःचा कॅमेरा आणि सॅक दोन्ही न्या. पाय पूर्ण उघडा, दांडा खालीच ठेवा, लेन्स १३५ वर न्या आणि स्क्रीनवर प्रतिमा दहा पट मोठी करा. मग एका पायाला बोटाने टिचकी मारा. चित्र किती वेळ डुलतं ते बघा. दोन ट्रायपॉड शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. हेडची प्लेट धरून पिळायचा प्रयत्न करा, पाय वळताहेत का बघा. बॉल घट्ट करून हात सोडला की फ्रेम किंचित खाली सरकते का, तेही तपासा. लांब लेन्सला हे सरकणं फार छळतं. दुकानदार कंटाळला तरी चालेल. त्याच्याकडे परत करायची मुदत असेल तर पहिल्याच संध्याकाळी वेताळ टेकडीवर घेऊन जा. तिथल्या उघड्या माथ्यावर बऱ्यापैकी वारा असतो.

पायाच्या नळ्या जागेवर धरणाऱ्या लॉकच्या बाबतीत मी पिळायच्या लॉकच्या बाजूचा आहे. फ्लिप लॉक, म्हणजे खटक्याचे, झटपट उघडतात, पण कारवीतून जाताना फांद्यांत अडकून उघडतात, आणि त्यांचे स्क्रू काही महिन्यांनी ढिले होतात. पिळायचे लॉक चिखलात करकरतात, पण धुतले की पुन्हा ठीक.

ट्रायपॉड सॅकला उभा, पाय खाली करून, दोन पट्ट्यांनी घट्ट बांधा. गुंजवण्याच्या बाजूने राजगडाच्या चोर दरवाज्याने चढताना शेवटी रेलिंगचा टप्पा आहे. तिथे आडवा टांगलेला ट्रायपॉड कातळाला अडकतो आणि तुमचा तोल जातो. आणि उतरताना त्याचा काठीसारखा वापर करू नका. एक लॉक घसरला की अंगाचा सगळा भार हवेत.

वर पोचल्यावर आधी जाड सेक्शन उघडा, बारीक सगळ्यात शेवटी आणि गरज असेल तरच. उतारावर दोन पाय उताराकडे, एक चढाकडे. लांब लेन्स लावली असेल तर एक पाय लेन्सच्या दिशेने. मधल्या हुकला सॅक टांगायचा सल्ला सगळे देतात, पण वाऱ्यात लोंबती सॅक लंबकासारखी झुलते आणि उलट नुकसान करते. टांगायचीच तर तिचं बूड जमिनीला टेकलेलं हवं. मी बहुधा टांगत नाही, पाय आखूड करतो आणि स्वतः वाऱ्याच्या बाजूला बसतो. दोन सेकंदांचा टायमर लावा. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद करून आणि चालू ठेवून एकेक फोटो घ्या. कॅमेऱ्यागणिक उत्तर वेगळं येतं.

धबधब्यासाठी पाव ते एक सेकंदाचं एक्स्पोजर लागतं, आणि बटण दाबल्याचा कंप नेमका याच वेगांना सगळ्यात जास्त दिसतो. तीस सेकंदांच्या फोटोत सुरुवातीचा क्षणभराचा हलका कंप विरून जातो, पाव सेकंदात नाही. ताम्हिणीत पाय पाण्यात ठेवून फोटो काढणारे बरेच दिसतात. प्रवाह पाय सतत हलवत राहतो, जमेल तिथे काठावरचा दगड शोधा. शेवाळ असेल तर रबरी पाय ठीक, पण आधी हाताने दाबून बघा. टोकदार खिळे मातीत उपयोगी, आपल्या बसाल्टच्या कातळावर ते सरकतात.

ताऱ्यांच्या रेघा न होता ते टिपायचे तर ५०० च्या नियमाने (५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने आणि सेन्सरच्या साधारण दीडच्या पटीने भागायचं) तुमच्या १८ मिलिमीटरला एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरवर साधारण १८ सेकंद येतात. मोठी प्रिंट काढायची तर बारा सेकंदांवर थांबा. काजव्यांसाठी राजमाची किंवा भंडारदऱ्याकडे मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला जाल तेव्हा बरीच लांब एक्स्पोजर एकाच फ्रेमवर घेऊन नंतर एकत्र करायची असतात, म्हणजे तासभर ट्रायपॉड तसूभरही हलता कामा नये. जमीन भुसभुशीत असते, पाय आधीच दाबून बसवा. आणि उजेड असतानाच जागा धरा. अंधारात टॉर्च मारत झाडीत शिरणं काजव्यांना घातक आहे. त्यांचं चमकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते. मी हे दरवर्षी सांगतो आणि सांगत राहीन.

दोन गोष्टी जिवाशी आणि कायद्याशी संबंधित. वळवाचे ढग गडगडायला लागले की ट्रायपॉड आडवा ठेवा आणि माथा सोडा. अॅल्युमिनियम काय, कार्बन काय, दोन्हींतून वीज वाहते. आणि कार्ले, भाजे यांसारखी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची स्मारकं असतील तिथे ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. आधी विचारून जा, पहारेकऱ्याशी वाद घालू नका.

पावसाळी ट्रेकवरून आलात की त्याच रात्री सगळे सेक्शन पूर्ण ओढून साध्या पाण्याने धुवा आणि तसेच उघडे वाळू द्या. मिटवून पिशवीत ठेवला तर आतलं पाणी आणि मुरूम लॉक खातात. प्लेटचा स्क्रू आवळायची षटकोनी चावी आणि एक जास्तीची प्लेट सॅकच्या वरच्या कप्प्यात कायमची ठेवून द्या. ती चावी हरवली तर बोहरी आळीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात तिच्या मापाची मिळते, फक्त प्लेट बरोबर घेऊन जा.