ऑफिस रिकामं झालं, दोन खोल्या काढू का?

प्रश्न : पुण्यात बाजीराव रस्त्यावर, मंडईजवळ, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. रुंदी 18 फूट, खोली 60. खिडक्या फक्त पुढे-मागे, संडास मागच्या टोकाला. भाडेकरू कंपनीची माणसं घरूनच काम करू लागली नि जागा सुटली. परदेशात म्हणे अशा ऑफिसांचे फ्लॅट करतात. दोन वन आरके काढावेत का?

उत्तर : दोन नकोत. पुढच्या घराचा संडास मधल्या भिंतीला लावला, तरी मागच्या डक्टपर्यंत (पाइप खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीपर्यंत) 30 फूट पाइप जातो. 40ला 1 उतार धरला की 9 इंच झाले. 4 इंची पाइप आणि वरचा थर मिळून फरशी सव्वा फूट वर येते. साडेनऊ फुटी छत असेल, तर पंख्याला हात लागेल! घरांमध्ये संडासाखालचा स्लॅब खाली घेतलेला असतो, ऑफिसात तो सहसा तसा नसतो. उंची वाचवायला उतार कमी केलात, तर तुंबणार आणि खालच्या दुकानाच्या छतातून ओल उतरणार. विटांच्या तुकड्यांची भर तर जुन्या स्लॅबवर टाकूच नका.

उजेडाचंही तेच. खिडकीचा वरचा काठ 7 फुटांवर असेल, तर उजेड त्याच्या अडीचपट, म्हणजे सतराएक फूट आत पोचतो. मधल्या 25 फुटांत भरदुपारी दिवा लावावा लागेल.

कॅनडातल्या कॅल्गरीनं 2021 पासून अशा बदलांना चौरस फुटामागे 75 डॉलर दिले, कारण तिथल्या मध्यभागात ऑफिसंच ऑफिसं. पेठेत दुकानावर बिऱ्हाड असतंच, नि 29 सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटपर्यंतची मेट्रो मंडईला थांबते. तेव्हा अभ्यासिकेचा विचार करा. वाट आणि बॅगांचे रॅक सोडून 800 चौरस फूट उरतात. जागेमागे 25 धरले तर 32 मुलं बसतील. मधल्या अंधाराचं टेबलदिव्यांनी भागतं. अडतं ते एका संडासावर आणि दुचाक्या लावण्यावर. संडास मागेच दुसरा जोडून घ्या. जिना एकच असेल, तर अग्निशमनाची आणि वापराची परवानगी आधी बघा, फर्निचर नंतर.

प्रश्न : नवा भाडेकरू 11 महिन्यांचा करार नोटरीवरच करू म्हणतो. चालेल?

उत्तर : नाही. लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999च्या कलम 55नुसार, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरतात.